डिकीतला दिवा

विज्ञानाचे सर गेली बावीस वर्षं आठवी-नववीला वीज शिकवत होते, आणि एवढ्या काळात आपल्याला विजेचा एकही झटका बसला नाही, हे ते अभिमानाने सांगत. त्यांच्या बायकोचं म्हणणं असं, की जो माणूस घरातला उडालेला बल्बसुद्धा दुसऱ्याकडून बदलून घेतो, त्याला झटका बसणार कुठून.

बायकोला सगळी सोसायटी ताई म्हणायची. ताई रक्त तपासणाऱ्या एका लॅबमध्ये होत्या. सकाळी सहाला गाडी काढायची, ज्यांना घराबाहेर पडणं होत नाही अशा म्हाताऱ्या माणसांच्या दारात जायचं, रक्ताचे नमुने घ्यायचे आणि नऊच्या आत लॅबमध्ये पोचवायचे, हे त्यांचं काम. गाडी ताईंच्या पगारातून आलेली, ताईंच्याच नावावर, आणि वयाने अठरा वर्षांची. सरांना गाडी चालवता येत होती. पण सर चालवायला बसले की शेजारी बसलेल्या ताई उजव्या पायाने नसलेला ब्रेक दाबत राहायच्या आणि ते पाहून सर खरा, त्यामुळे दोघांचाही पाय दुखायचा. म्हणून ते काम ताईंकडेच होतं.

दुखणं सुरू झालं एका मंगळवारी. ताईंनी किल्ली फिरवली आणि गाडीने घशातल्या घशात 'खर्र' केलं आणि गप्प. दुसऱ्या मजल्यावरचे ओव्हरसियर काका बाल्कनीत दात घासत उभे होते. निवृत्त झाल्यापासून देखरेख करायला त्यांना काही उरलं नव्हतं, त्यामुळे कुठेही काही बिघडलं की त्यांच्या चेहऱ्यावर तेज यायचं. ते ब्रश घेऊनच खाली आले. त्यांनी आणि सरांनी मिळून धक्का मारला. तिसऱ्या धक्क्याला गाडी सुरू झाली आणि ताई निघून गेल्या. मागे उरलेले दोघे धापा टाकत एकमेकांकडे पाहत राहिले, आणि एकाच्या तोंडाला फेस होता तो टूथपेस्टचा.

बुधवारी तेच. गुरुवारी कोपऱ्यावरच्या गॅरेजचा मिस्त्री आला. त्याने बॉनेट उघडलं, बॅटरीवर दोन चापट्या मारल्या आणि म्हणाला, "बॅटरी गेली."

"व्होल्टेज मोजलंत का?" सरांनी विचारलं.

"सर, मोजायचं तुमच्या शाळेत. इथे हाताला कळतं."

हे वाक्य सरांना लागलं. बावीस वर्षं ज्याने फळ्यावर ओहमचा नियम काढला, त्याला एका चापटीने निकालात काढावं, हे बरं नव्हे. पण नवी बॅटरी बसली, शुक्रवार-शनिवार गाडी फटकन सुरू झाली आणि सर मुकाट्याने नियम गिळून बसले.

रविवारी ताईंना सुट्टी असते, त्यामुळे गाडीलाही असते. सोमवारी सकाळी नवी कोरी बॅटरी अशी मेली होती, की किल्ली फिरवल्यावर साधं 'खर्र'सुद्धा आलं नाही. धक्के मारून काही होईना. शेवटी ताई भाड्याच्या गाडीने गेल्या, उशिरा पोचल्या, दोन नमुने वाया गेले आणि उपाशीपोटी ताटकळलेल्या एका आजींना दुसऱ्यांदा सुई टोचावी लागली. लॅबच्या मुख्य बाईंनी ताईंना बाजूला घेऊन सांगितलं, की गाडी भरवशाची नसेल तर ही फेरी दुसऱ्या कुणाला द्यावी लागेल. ताईंनी घरी येऊन हे सांगितलं ते अगदी साध्या आवाजात. त्या चिडून बोलल्या असत्या तर सरांना इतकं वाईट वाटलं नसतं.

त्यात दुष्काळात तेरावा महिना. टेबलावर वाहन तपासणी कार्यालयाचं पत्र येऊन पडलं होतं. जुन्या गाड्यांची दर काही वर्षांनी तपासणी होते, तशी ताईंच्या गाडीची तारीख आली होती येत्या शनिवारी, सकाळी अकरा वाजता. पत्रात लिहिलं होतं: 'सदर वाहनाने स्वतःच्या शक्तीने तपासणीस्थळी उपस्थित राहावे. ओढून अथवा ढकलून आणलेले वाहन अनुपस्थित समजण्यात येईल. अनुपस्थित वाहनास पुढील तारीख तीन महिन्यांनंतर देण्यात येईल व तोपर्यंत ते रस्त्यावर आणता येणार नाही.'

तीन महिने गाडी नाही म्हणजे फेरी गेलीच. मिस्त्रीने बॅटरी परत भरून दिली आणि आता त्याचं मत पडलं, की अल्टरनेटर गेला, म्हणजे गाडी चालताना बॅटरी भरणारं यंत्रच बिघडलं. नवीन यायला आठ दिवस लागतील. "गुरुवारी बॅटरी, सोमवारी अल्टरनेटर, पुढच्या गुरुवारी काय, मी?" असं ताई म्हणाल्या, आणि मिस्त्रीनेही क्षणभर विचार केल्यासारखं केलं.

काकांचं निदान निराळं होतं. "सर, गाडी उभी असते कशावर? सिमेंटवर. सिमेंट बॅटरीतली वीज ओढून घेतं. आमच्या साइटवर एकदा अख्ख्या मिक्सरची बॅटरी जमिनीने पिऊन टाकली होती. संध्याकाळी बॅटरी काढायची, वर न्यायची, लाकडावर ठेवायची."

रबरी टायर, लोखंडी गाडी आणि त्यात ठेवलेली बॅटरी, यांतून सिमेंट वीज कशी ओढतं हे सरांनी विचारलं. काका म्हणाले, की सगळंच पुस्तकात नसतं. बुडत्याला काडीचा आधार, म्हणून सोमवारी संध्याकाळी सरांनी तेरा किलोची बॅटरी छातीशी धरून तीन जिने चढवली आणि पलंगाशेजारच्या स्टुलावर ठेवली. ताईंनी ती पाहिली, पाहुण्यासारखी तिच्यावर एक चादर टाकली आणि झोपल्या.

मंगळवारी सकाळी बॅटरी खाली नेऊन जोडली आणि गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. बुधवारीही झाली. काकांनी जिन्यात भेटेल त्याला सिमेंटचा सिद्धांत सांगायला सुरुवात केली. पहिल्या मजल्यावरच्या एकाने तर मोबाइल लाकडी पाटावर ठेवून चार्ज करायला घेतला.

पण सर बुधवारी वर्गात फळ्याकडे तोंड करून परिपथ काढत होते आणि काढता काढता थांबले. त्यांच्या डोक्यात एकदम लख्ख झालं. बॅटरी वर आणली म्हणजे नुसती सिमेंटपासून लांब नेली असं नाही, ती गाडीपासूनही तोडली. तोडली की ती भरलेली राहते. जोडलेली ठेवली की रिकामी होते. म्हणजे बॅटरी निर्दोष आहे. उभ्या गाडीत काहीतरी आहे, जे गुपचूप वीज पीत बसलंय. बावीस वर्षांत प्रथमच पुस्तकातली वीज पुस्तकातून उतरून त्यांच्या दारात उभी राहिली होती.

ते तसेच शाळेच्या प्रयोगशाळेत गेले आणि मल्टिमीटर मागितला. प्रयोगशाळेच्या सहायकाने कपाटाची किल्ली मुठीत घट्ट धरली आणि अर्ज आणायला सांगितलं. अर्ज मुख्याध्यापिकांकडे गेला. साहित्य शाळेबाहेर नेण्याचं कारण या रकान्यात सरांनी 'प्रात्यक्षिक' असं लिहिलं होतं.

"कुठल्या इयत्तेचं?" बाईंनी चष्म्यावरून विचारलं.

सरांनी थोडा विचार केला. "प्रौढ शिक्षण," ते म्हणाले.

त्या संध्याकाळी सरांनी बॉनेट उघडलं, मीटरची लाल तार बॅटरीच्या अधिक टोकाला आणि काळी उणे टोकाला लावली. बारा पूर्णांक पाच. मग ताईंना गाडी सुरू करायला लावली. आकडा चढला आणि चौदा पूर्णांक दोनवर थांबला. सरांनी तो तीनदा वाचला. चालत्या गाडीत चौदाच्या वर आकडा म्हणजे अल्टरनेटर ठणठणीत, बॅटरी नीट भरली जातेय. मिस्त्रीचं निदान म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. सर मीटर हातात घेऊन तसेच गॅरेजपर्यंत गेले. मिस्त्री कुणाच्या तरी गाडीखाली झोपला होता. त्याच्या फक्त पायांना सरांनी सांगितलं, "चौदा पूर्णांक दोन." पाय काही बोलले नाहीत.

गुरुवारी पुढची पायरी. बॅटरीची उणे तार सोडवायची आणि तार व बॅटरी यांच्यामध्ये मीटर बसवायचा, म्हणजे गाडी बंद असताना जी काही वीज जाईल ती मीटरमधून मोजून जाईल. सरांनी हे काकांना दहा मिनिटं समजावलं. काकांनी मान डोलावली, मीटर बसवल्यावर मदत म्हणून ड्रायव्हरच्या जागी जाऊन बसले आणि, "आता सुरू करून बघू ना," म्हणत किल्ली फिरवली. स्टार्टरला लागते ती वीज हत्तीची आणि शाळेचा मीटर मुंगीचा. आतून 'पुट्' असा बारीक आवाज आला आणि आकडा नाहीसा झाला.

सरांना पहिल्यांदा आठवला तो कपाटाच्या किल्लीवर घट्ट झालेला सहायकाचा हात. ते काकांना काही बोलले नाहीत, कारण काका वयाने मोठे होते आणि धक्का मारायला पुन्हा लागणार होते. शुक्रवारी शाळा सुटल्यावर त्यांनी चार दुकानं पालथी घातली, तेव्हा एका जुन्या रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे मीटरच्या पोटात बसणारा इवलासा फ्यूज मिळाला.

शुक्रवारी संध्याकाळी, यावेळी किल्ली स्वतःच्या खिशात ठेवून, सरांनी मीटर पुन्हा जोडला. शून्य पूर्णांक आठ अँपिअर. झोपलेल्या गाडीने फार तर याच्या विसाव्या हिश्श्याइतकी वीज घ्यावी. सर म्हणाले, "काका, चोर घरात आहे." मग त्यांनी काकांना मीटरसमोर उभं केलं आणि स्वतः स्टिअरिंगखाली डोकं घालून, पाय दाराबाहेर काढून, एकेक फ्यूज उपटायला सुरुवात केली. ज्या फ्यूजला आकडा पडेल, चोर त्या खोलीत.

"पॉइंट आठ," काका बॉनेटपाशी म्हणत. सर फ्यूज परत बसवत, पुढचा काढत. "पॉइंट आठ." येणारे-जाणारे सरांच्या पायांकडे पाहून थांबायला लागले. एकीने काकांना हळूच विचारलं, की सरांना चक्कर आली का. "पॉइंट आठ," काका म्हणाले. अकराव्या फ्यूजला काका गप्प झाले.

"काय झालं?" सरांनी खालून विचारलं.

"पॉइंट शून्य दोन."

सर उठायला गेले आणि डोकं स्टिअरिंगवर आपटलं, पण दुखलं नाही. त्या अकराव्या फ्यूजवर चार गोष्टी होत्या: हॉर्न, रेडिओ, छतातला दिवा आणि डिकीतला दिवा. सरांनी फ्यूज परत बसवला, मग रेडिओची तार सोडवली, छतातला बल्ब काढला, हॉर्नची जोडणी सुटी केली. आकडा पॉइंट आठवरून ढिम्म हलला नाही. उरला एकच संशयित. डिकी बंद केल्यावर डिकीतला दिवा विझायला हवा. तो जर विझत नसेल, तर रात्रंदिवस कुणाच्या नजरेस न पडता तो आत जळत बसला होता.

सर आता लगेच डिकीकडे धावणार, तेवढ्यात ताई आल्या. सीटवर पसरलेले फ्यूज, लोंबणारी रेडिओची तार आणि सरांच्या कपाळावरचं टेंगूळ त्यांनी क्रमाने पाहिलं.

"हे सगळं आहे तसं परत लावा," त्या म्हणाल्या. "बॅटरी वर घेऊन चला. उद्या गाडीची परीक्षा आहे. अकरा वाजेपर्यंत तिला हात लावायचा नाही."

"अगं, पण चोर..."

"चोर सोमवारी पकडा. परीक्षेच्या दिवशी पुस्तक उघडायचं नाही, हे तुम्हीच पोरांना सांगता ना?"

सरांनी सगळं परत लावलं.

शनिवारी ताई सकाळची फेरी करून सव्वानऊला परत आल्या, गाडी खाली लावली आणि तयार व्हायला वर गेल्या. दहाला निघायचं होतं. सर पेपर घेऊन बसले. एका पानावर त्यांनी तीन मिनिटं काढली आणि लक्षात आलं, की आपण पेपर उलटा धरलाय. ताई आंघोळीला गेल्याचा आवाज आला. सरांनी मीटर उचलला, खुंटीवरची किल्ली घेतली आणि जिना उतरले. फोन तेवढा घरात चार्जिंगला लागला होता.

खाली काका होतेच. सरांनी प्रश्न मांडला: डिकी बंद असताना दिवा चालू आहे की नाही, हे बाहेरून कसं कळणार? उघडून बघावं तर उघडल्यामुळेच तो लागणार. दोघांनी डिकीभोवती एक फेरी मारली. फटीला डोळा लावून पाहिला, उन्हात काही दिसेना.

"आतून बघितलं पाहिजे," काका म्हणाले, आणि दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. काकांचा गुडघा दुखत होता.

"दहा आकडे मोजा आणि उघडा," असं सांगून सर मीटरसकट डिकीत आडवे झाले. एका बाजूला स्टेपनी, दुसऱ्या बाजूला ताईंची कापसाची आणि चिकटपट्ट्यांची जादा पेटी, मध्ये गुडघे हनुवटीला लावलेले सर. काकांनी झाकण दाबलं, 'खट्' झालं.

आत लख्ख उजेड होता.

सर त्या दहा वॅटच्या बल्बकडे बघत राहिले. बल्ब त्यांच्या नाकापासून वीतभर अंतरावर जळत होता. अल्टरनेटर नाही, सिमेंट नाही, नवी बॅटरी नाही. हा. "चालू आहे," ते ओरडले. "काका, चालू आहे."

बाहेर काका सहापर्यंत आले होते. तेवढ्यात वरून काकूंची हाक आली, की नळाचा पाइप सुटलाय आणि स्वयंपाकघरभर पाणी झालंय. इतक्या दिवसांनी घरातच देखरेखीचं काम निघालेलं पाहून काका डिकीच्या कुलपात किल्ली तशीच ठेवून जिन्याकडे पळाले. सात, आठ, नऊ, दहा हे आकडे त्यांनी बहुधा जिन्यात मोजले.

सर वाट पाहत होते. अठरा वर्षांच्या डिकीला फटी भरपूर, त्यामुळे हवेची ददात नव्हती, आणि उजेड तर होताच. थोड्या वेळाने पावलं वाजली. सर हाक मारणार, इतक्यात ताईंचा आवाज आला.

"ही काय किल्ली ठेवायची जागा झाली? आणि ऐन वेळेला गेले कुठे कोण जाणे."

सरांनी तोंड मिटून घेतलं. खरं तर त्यांनी तेव्हाच ओरडायला हवं होतं. पण अकरापर्यंत गाडीला हात लावायचा नाही असं ठरलेलं, आणि ते तर अख्खेच्या अख्खे गाडीत शिरले होते. त्यांनी हिशेब केला, की ताई आपल्याला शोधायला वर जातील, तेवढ्यात काका येऊन उघडतील आणि आपण जिन्यात सहज भेटल्यासारखे भेटू. ताईंनी निराळाच हिशेब केला, की वाटभर विजेवर व्याख्यान ऐकण्यापेक्षा एकटं गेलेलं बरं. दार लागलं. किल्ली फिरली. गाडी सुरू झाली, आणि ती पहिल्या फटक्यात सुरू झाली याचा सरांना मनापासून आनंद झाला. तो आनंद गाडी हलेपर्यंत टिकला.

मग त्यांनी डिकीच्या झाकणावर दोन्ही हातांनी धडधड वाजवलं.

पुढे ताईंनी आरशात पाहिलं. मागून हा नवीन आवाज. स्टेपनी सुटली की मागचा शॉक-अब्सॉर्बर गेला? थांबून बघावं तर इंजिन बंद करावं लागणार, आणि बंद केलेलं परत सुरू झालं नाही तर गाडी अनुपस्थित. मागे जे काय पडायचंय ते पोचल्यावर पडू दे, असं म्हणून त्यांनी वेग वाढवला. फोन सारखा वाजत होता, पण चालवताना त्या फोन घेत नसत. आवाज जितका वाढला तितका त्यांनी पाय दाबला, आणि त्यांनी पाय जितका दाबला तितका आवाज वाढला.

तिसऱ्या गतिरोधकानंतर सरांनी वाजवणं सोडलं. डोकं बल्बवर आपटत होतं आणि चोर नाकासमोर होता. त्यापेक्षा तपास पुरा करावा. त्यांनी उजेडात नीट न्याहाळलं. डिकीच्या काठावर एक छोटी खिट्टी होती. झाकण बंद झालं की झाकणावरच्या रबरी बोंडाने ती दाबली जायची आणि दिवा विझायचा. बोंडाच्या जागी नुसतं भोक होतं. रबर कधीतरी झडून गेलं होतं आणि खिट्टीला कुणी दाबतच नव्हतं. सरांनी अंगठ्याने खिट्टी दाबली. अंधार. सोडली. उजेड. अंधार, उजेड, अंधार, उजेड. एवढ्या आनंदात त्यांनी आयुष्यात कुठलं बटण दाबलं नव्हतं.

मग ताईंची पेटी उघडून त्यांनी कापसाचा घट्ट बोळा केला, भोकात कोंबला आणि वरून चिकटपट्टीच्या चार थरांनी जखम बांधावी तसा बांधून टाकला. शेवटची पट्टी दाबताना बोळा खिट्टीवर टेकला आणि दिवा गेला. काळ्याकुट्ट अंधारात, एका कुशीवर, मान वाकडी झालेली असताना सर हसत होते.

तपासणी कार्यालयाच्या आवारात जुन्या गाड्यांची रांग लागली होती. ताईंनी इंजिन चालू ठेवूनच नंबर येईपर्यंत कळ काढली. धडधड थांबली होती, पण त्यांनी खाली उतरून बघायचं धाडस केलं नाही. सर आतून हाका मारत होते, पण पुढच्या-मागच्या गाड्यांच्या हॉर्नची तपासणी चालली होती.

तपासनीस साहेब उंच, किडकिडीत आणि अबोल होते. दिवे पाहिले, इशारे पाहिले, हॉर्न वाजवून घेतला, ब्रेक पाहिला. प्रत्येक वेळी कागदावर एक बरोबरची खूण केली. मग म्हणाले, "इंजिन बंद करा. डिकी उघडा."

ताईंनी जीव मुठीत धरून इंजिन बंद केलं आणि डिकी उघडली.

आत सर होते. एका हातात मीटर, बोटांना चिकटपट्टी, केसांत कापूस. उन्हाने त्यांचे डोळे मिटले होते. ते मिटल्या डोळ्यांनीच म्हणाले, "सापडला."

रांगेतल्या सगळ्या गाड्यांतून माणसं उतरली. ताई हलल्या नाहीत. साहेबांनी सरांकडे पाहिलं, मग कागदाकडे, मग पुन्हा सरांकडे.

"हे कोण?"

"मिस्टर आहेत," ताई म्हणाल्या.

साहेबांनी कागद उलटवला आणि मागचा मजकूर वाचून दाखवला. "सूचना क्रमांक सात. तपासणीच्या वेळी डिकी रिकामी असावी." मग त्यांनी पेन खिशाला लावलं. "रिकामी करून परत रांगेत या."

सरांचे दोन्ही पाय बधिर झाले होते. पुढच्या-मागच्या दोन गाडीवाल्यांनी मिळून त्यांना उपसून काढलं आणि भिंतीला टेकवून उभं केलं. ताईंनी डिकी बंद केली आणि गाडी ढकलून रांगेच्या शेवटी लावून घेतली. आवारातल्या आवारात ढकललेलं चालतं का, हे त्यांनी दोनदा विचारून घेतलं. मग फोन पाहिला. काकांचे नऊ फोन येऊन गेले होते आणि एक निरोप होता: 'ताई सर डिकीत आहेत. पाइप बसवला.'

त्या सरांच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"तो आवाज तुमचा होता?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मला वाटलं गाडी मोडतेय." "लागलं नाही ना कुठे?"

सरांनी नाही म्हटलं आणि कपाळावरचं दुसरं टेंगूळ केसांनी झाकलं. मग त्यांनी सगळं सांगितलं: खिट्टी, बोंड, कापसाचा बोळा. सांगता सांगता भिंत सोडली, पाय चालू लागले, हात फळ्यावर फिरावेत तसे फिरायला लागले. मागच्या गाडीवाला पुढे सरकून ऐकू लागला. त्याचीही बॅटरी चार दिवसांत उतरायची. सरांनी त्याच्या बॉनेटखाली मीटर लावला, गाडी सुरू करायला सांगितली. बारा पूर्णांक तीन. आकडा हलेना. "तुमचा मात्र अल्टरनेटरच," सर म्हणाले. मग तिसरा आला. त्याच्या बॅटरीच्या टोकावर पांढरी बुरशी चढली होती, ती खरवडल्यावर आकडा सुधारला. साहेब जेवायला गेले, परत आले, तरी सर लाल आणि काळी तार घेऊन एका गाडीकडून दुसऱ्या गाडीकडे जात होते आणि बारा माणसं त्यांच्या मागे. वर्गातल्या मुलांनी कधी असं ऐकलं नव्हतं. ताई दुरून पाहत होत्या. हा माणूस वीज शिकवतो हे त्यांना माहीत होतं. त्याला ती इतकी आवडते हे त्यांना आज कळत होतं.

दोन तासांनी नंबर आला. साहेबांनी आधी ताईंना विचारलं, "डिकी रिकामी?"

"रिकामी. मिस्टर इथे आहेत."

"आणि तो दिवा?" साहेब सरांकडे वळले. त्यांनी रांगेतली व्याख्यानं ऐकली होती असं दिसलं. "आता विझतो कशावरून? झाकण लावल्यावर कुणी पाहिलं?"

प्रश्न बिनतोड होता. सरांनी स्वतः पाहिला होता, पण साक्षीदार म्हणून ते एकटेच होते. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि डिकीत चढायला एक पाय उचलला.

ताईंनी त्यांचा दंड धरला. "थांबा," त्या म्हणाल्या. त्यांनी किल्ली लावली, झाकण झटकन उघडलं आणि दोन बोटं बल्बवर टेकवली, आजारी माणसाच्या कपाळावर टेकवतात तशी.

"गार आहे," त्या म्हणाल्या. "दोन तास जळत असता तर हात लावता आला असता का?"

साहेबांनीही बोट लावून पाहिलं. सरांचा पाय अजून वर होता. तो त्यांनी हळूहळू खाली घेतला.

"हे कालच का नाही सांगितलंस?"

"तुम्ही मला विचारलं कुठे? तुम्ही काकांना विचारलंत."

"सुरू करा," साहेब म्हणाले.

ताई बसल्या. आवारातले सगळे जवळ सरकले. किल्ली फिरली आणि गाडीने अर्धा फेरासुद्धा न घेता सूर धरला. मागे कुणीतरी टाळ्या वाजवल्या आणि साहेब तिकडे पाहताच थांबवल्या.

प्रमाणपत्र हातात पडलं, पुढच्या तीन वर्षांसाठी. सर ताईंच्या शेजारी बसले. मग सिग्नलला गाडी उभी असताना ताईंनी प्रमाणपत्र उघडलं. खाली शेऱ्याच्या रकान्यात साहेबांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: 'पहिल्या तपासणीत डिकीमध्ये पती आढळले. दुसऱ्या तपासणीत आढळले नाहीत. वाहन योग्य.'

ताईंनी ते एकदा मनात वाचलं, एकदा मोठ्याने. हिरवा दिवा लागला. त्यांनी गाडी चौकापुढे नेली, एका झाडाखाली बाजूला घेतली आणि किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. बारा दिवसांत त्यांनी प्रथमच मधल्या रस्त्यात, काही गरज नसताना, इंजिन बंद केलं होतं. मग डोकं स्टिअरिंगवर टेकून त्या हसायला लागल्या. हसता हसता डोळ्यांना पाणी आलं. सरांनी थोडा वेळ आपला मान राखून बाहेर पाहिलं आणि मग त्यांनाही आवरेना.

दोघांचं पोटभर हसून झाल्यावर ताईंनी डोळे पुसले, किल्ली फिरवली, आणि गाडी सुरू झाली.